तलावाची राखण

आमच्या गावाला नदी नाही. माण नदी सांगोला तालुक्यातून जाते खरी, पण आमच्या शिवारापासून दोन कोस लांबून. आमच्याकडं आहे तो एक ओढा, आणि त्या ओढ्यावर मातीचा भराव घालून अडवलेला तलाव. सरकारी कागदावर त्याला काही नंबर असेल. गावात मात्र लहानथोर सगळे त्याला 'दुष्काळी तलाव' म्हणतात. नवखा माणूस हसतो. तलाव, आणि तो दुष्काळी? पण नाव बरोबर आहे. १९७२ च्या दुष्काळातच तो बांधला. त्या साली पाऊस झाला असता तर आमच्या गावाला तलाव मिळाला नसता.

गावच्या देवळाचा इतिहास पुजारी सांगतो, तालमीचा पैलवान सांगतात. तलावाचा इतिहास सांगणारं कुणी नाही. त्याची आठवण निघते ती पाणी आटल्यावर, नाहीतर उन्हाळ्यात पोरं पोहायला गेल्यावर. मलाही हे लिहावंसं कधी वाटलं नव्हतं. पण १४ ऑक्टोबर २०२० ची रात्र आम्ही त्या भरावावर उभ्यानं काढली, आणि ज्याच्या पायाशी आपण पन्नास वर्षं निवांत झोपतो ते नुसतं मातीचं आहे, हे तेव्हा कळलं.

बहात्तर साली मी दीड वर्षाचा होतो. त्यामुळं पुढचं जे सांगतो ते आईचं आहे. ती त्या कामावर होती. माझी झोळी तिनं भरावाच्या कडेच्या बाभळीला बांधलेली असायची, आणि पाटी टाकून येताना ती झोळीला एक झोका देऊन जायची.

सत्तर-एकाहत्तर सालचं पीकही जेमतेमच होतं. बहात्तरला पाऊस गेलाच. मृग गेला, हत्ती गेला, ज्वारीचं बी कणगीतच राहिलं. वसंतराव नाईकांचं सरकार होतं. ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघाली. कुठं रस्ता, कुठं खडी, कुठं नालाबांध, कुठं पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पुढं ज्या रोजगार हमी योजनेचा कायदा झाला, तिची खरी परीक्षा या दुष्काळातच झाली. वि. स. पागे यांनी त्या योजनेचा विचार आधीच मांडून ठेवला होता. पण आमच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला मस्टर माहीत होतं, मुकादमाची शिट्टी माहीत होती, आणि पोरांना मिळणारी सुकडी माहीत होती. रेशनवर अमेरिकेतनं आलेला लालसर मिलो मिळायचा. "भाकरी थापताना तुटायची," आई सांगायची, "पण पोटात गेली म्हंजी भाकरीच."

भराव कसा घालतात हे आईला सगळं पाठ होतं. आधी चुन्यानं रेघ मारली. मग ओढ्याच्या आडवा, या टेकाडापासून त्या टेकाडापर्यंत खंदक खणला. पिवळा मुरूम संपून कठीण खडक लागेपर्यंत तो खाली नेला. त्या खंदकात चांगली चिकण काळी माती भरत वर आणली. हा भरावाचा गाभा. साहेबलोक त्याला हार्टिंग म्हणायचे. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, ते केसिंग. पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग, म्हणजे लाटांनी माती धुपू नये. काळ्या मातीनं पाणी अडवायचं, मुरमानं तिला आधार द्यायचा आणि दगडानं तिला झाकायचं. आई म्हणायची, "बाळंतिणीला बांधत्यात तसं बांधलं बग आमी त्याला."

काळी माती वीतभर जाडीच्या थरानं टाकायची, तिच्यावर पाणी मारायचं आणि मग धुम्मस नाहीतर रोलरनं ती दाबायची. माती ओली असेल तरच कण कणाला चिकटतो. कोरडी माती कितीही दाबा, वरनं घट्ट दिसते आणि आत भुसभुशीत राहते. आणि ते साल होतं पाण्याविना तडफडण्याचं. सुरुवातीला जवळच्या विहिरीचं पाणी पखालीनं आणून मारलं. माघ-फाल्गुनात विहीर तळाला गेली. प्यायलाच टँकर यायला लागला. मग मातीवर कुठलं पाणी मारणार? वरचे थर कोरडेच पडले. मिस्त्री म्हातारा होता, जाणता होता. तो रोज कुरकुरायचा. पण मस्टर थांबलं असतं तर सातशे माणसांची चूल थांबली असती. काम चालू राहिलं.

मिस्त्रीला मी दोष देत नाही, वरच्या साहेबालाही देत नाही. भुकेची घाई होती. पण मातीला घाई कळत नाही. पंचाहत्तर साली तलाव पहिल्यांदा भरला आणि दोन वर्षांत भरावाचा मधला भाग खचला. घोड्याच्या पाठीसारखा तो खोलगट झाला. चालताना कळत नाही. भरावाच्या एका टोकाला बसून डोळा माथ्याच्या रेषेत धरला की दिसतो. पोरपणी आम्ही तिथं साचलेल्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडायचो. भरावाच्या माथ्यावर पाणी साचावं, हीच वाईट खूण आहे, हे आम्हाला कोण सांगणार?

तलावानं गावाला जे दिलं, तेही सांगायला हवं. भरावातनं सिमेंटचा पाइप काढला होता. त्याला आम्ही मोरी म्हणायचो. मोरीचं दार उघडलं की पाट वाहायचा आणि खालची तीस-चाळीस एकर रान भिजायचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विहिरी. तलावाखालच्या पट्ट्यातल्या विहिरींना फाल्गुनातही पाणी राहायला लागलं. आधी ज्वारीच्या जोडीला गहू आला, मग भुईमूग. पुढं नव्वदच्या दशकात डाळिंब आलं. रोजगार हमीतनं फळबागेला अनुदान मिळायला लागलं, आणि आमच्या आबांनी, तात्यांनी मुरमाड माळावर 'गणेश' डाळिंबाची रोपं लावली. आमच्या घरावर स्लॅब पडला तो त्या डाळिंबावर. माझं कॉलेजचं शिक्षणही त्याच पाण्यावर झालं.

तलावाला एक राखणदार असायचा. हजेरीवरचा माणूस, नेमणूक कसली म्हणून नाही. पण तो सकाळ-संध्याकाळ भरावावरनं चक्कर मारायचा. बाभळीचं रोप दिसलं की उपटायचा, घुशीचं बीळ दिसलं की उकरून त्यात माती ठोकायचा, मोरीच्या दाराला वंगण घालायचा. तो थकला, घरी बसला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. हे कधी झालं, ते गावात कुणाला नक्की सांगता येत नाही. धरण बांधल्याची तारीख सापडते. त्याची राखण कधी संपली याची तारीख कुठं लिहिलेली नसते.

मग एकेक सुरू झालं. बाभळीनं, घाणेरीनं भरावाचा खालचा उतार झाकून गेला. लोकांना वाटायचं, झाडं आहेत, बरं आहे, माती धरून ठेवतील. पण भरावावरचं मोठं झाड हा पाहुणा नव्हे. त्याची मुळं ओलाव्याच्या मागं गाभ्यापर्यंत जातात. झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. पाण्याला वाट आयतीच मिळते. घुशीचं आणि खेकड्याचं तेच. मोरीचं लोखंडी दार एका रात्री भंगारात गेलं. मग मोरीचं तोंड लोकांनी पोत्यांनी बुजवलं. तिचा पाइप मात्र भरावाच्या पोटात तसाच राहिला.

आणि मुरूम. घराच्या जोत्याला, शेतातल्या रस्त्याला मुरूम लागला की लोक भरावाच्या पायथ्याला टिकाव लावायचे. आयता मुरूम होता. आमच्या बागेत जाणाऱ्या रस्त्यावर जो मुरूम पडला, त्यातल्या चार ट्रॉल्या तिथल्याच आहेत. ट्रॉली मी चालवली होती. पायथा हा भरावाचा टेकू आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही. आई सांगत होती. मी ऐकत नव्हतो.

यापेक्षा मोठी चूक आम्ही २००४ साली केली. आधीची दोन-तीन वर्षं पुन्हा दुष्काळाची गेली होती. जनावरं छावणीत, बागा टँकरवर जगवलेल्या. चार साली तलावात बरं पाणी आलं आणि सांडव्यावरनं वाहून गेलं. सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी सुरक्षित निघून जाण्यासाठी कडेला सोडलेली वाट. त्याची पातळी भरावाच्या माथ्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेली असते. पण ज्यानं टँकरनं बाग जगवली त्याला सांडव्यावरनं जाणारं पाणी बघवत नाही. देवळात बैठक झाली. सांडव्यावर दोन फुटांची दगडी भिंत घालायची ठरली. एकरी वर्गणी बसली. वर्गणीची वही मी लिहिली. पंधरा दिवसांत भिंत उभी राहिली आणि त्यावर आम्ही नारळ फोडला. दोन फूट पाणी वाढलं म्हणून आम्ही खूश होतो. पण पाण्यात आणि माथ्यात जी मोकळी जागा ठेवलेली असते तीच आम्ही खाल्ली होती. त्यातही मधला भाग खचलेला. म्हणजे तिथं आधीच जागा कमी.

एवढ्यावर थांबलं नाही. सांडव्याखालनं ओढ्याकडं जी चर होती, ती वर्षानुवर्षं कोरडी. तात्यांनी ती नांगरून बागेत घेतली. "दहा वर्षांत एकदा पाणी येतंय. तेवढ्यासाठी अर्धा एकर पडीक ठेवू व्हय?" ते म्हणायचे. कुणीच काही बोललं नाही. कारण ज्याच्या त्याच्या रानाची हद्द थोडी थोडी सरकलेलीच होती.

तलावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला एक वस्ती आहे. चाळीस-पंचेचाळीस घरं. गावठाणात जागा मिळाली नाही म्हणून तिथं वसलेली माणसं. पुढं त्यांना घरकुलंही तिथंच मिळाली. त्या वस्तीत एकाचीही विहीर नाही. तलावाचं पाणी त्यांना मिळतं ते आमच्या बागेत मजुरीला आल्यावर, हातपाय धुवायला.

मातीचं धरण फुटतं कसं, हे मी पुढं वाचून शिकलो. मुख्य प्रकार तीन. एक, पाणी माथ्यावरनं जातं. दगडी धरणावरनं पाणी गेलं तर ते काही वेळ सोसतं, मातीचं सोसत नाही. माथ्यावरनं एकदा धार लागली की ती खालचा उतार कापत मागं येते आणि घटकाभरात भगदाड पडतं. दुसरा प्रकार, उतारच घसरतो. पायथा उकरला, नाहीतर भरलेला तलाव एकदम रिकामा केला, की असं होतं. आणि तिसरा सगळ्यात फसवा. पाणी भरावातनं झिरपतं. थोडं झिरपायचंच. पण झिरपताना ते मातीचा कण सोबत न्यायला लागलं की खालच्या तोंडापासून आत एक नळी तयार होत जाते. बाहेरनं दिसतं ते बोटभर पाणी. आत उंदीर बीळ करतो तसं बीळ पाण्याच्या दिशेनं वाढत असतं. भरावातनं जाणारा पाइप ही त्याची आवडती जागा, कारण पाइपाच्या कडेची माती नीट दाबली जात नाही.

पानशेतची गोष्ट आमच्या आबांच्या पिढीला तोंडपाठ होती. १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून झालेलं नव्हतं, तरी त्याच पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं गेलं. धरणाखालनं जाणाऱ्या मोरीचं, तिच्या दाराचं काम अर्धवट होतं. पाण्याच्या धक्क्यांनी मोरी हादरली, तिच्यावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं. खाली खडकवासल्याचं जुनं दगडी धरण, तेही त्या लोंढ्यात गेलं, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आम्ही ही गोष्ट पुण्याची म्हणून ऐकायचो. इंजिनियर लोकांचं मोठं धरण, मोठं शहर, मोठी चूक. आमच्या तलावाच्या मोरीशी तिचा काही संबंध असेल हे कधी मनात आलं नाही.

मग २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही मातीचं, तेही लहान. खालची भेंदवाडी झोपायच्या वेळी वाहून गेली. वीसहून जास्त माणसं गेली. धरण गळतंय अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. खेकड्यांनी भराव पोखरला असं एका मंत्र्यांनी सांगितलं, आणि टीव्हीवर, मोबाइलवर खेकड्यांच्या चेष्टेला ऊत आला. आमच्या पारावरही लोक हसत होते. आई हसली नाही. ती म्हणाली, "खेकडा भोक पाडतोच. त्येचं कामच हाय त्ये. पण त्ये भोक बघायचं काम कुणाचं हुतं?"

त्या आठवड्यात मी आणि गावातले तिघेजण अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. एका कचेरीत सांगितलं, तुमचा तलाव आमच्या यादीत नाही. दुसऱ्या कचेरीत सांगितलं, यादीत आहे, पण दुरुस्तीचं शीर्षक वेगळ्या खात्याकडं आहे. तिसऱ्या ठिकाणी अर्जाची पोच मिळाली. ती पोच माझ्याकडं आहे. पुढं डिसेंबर २०२१ मध्ये देशाचा धरण सुरक्षा कायदा आला. तो मी मन लावून वाचला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींवर येतात. आमचा भराव नऊ मीटरचा. महाराष्ट्रात कायद्यानं मोजलेली मोठी धरणं दोन हजारांहून अधिक आहेत. त्यांच्याकडंच लक्ष पुरवायचं तर मोठं काम आहे, हे मला कळतं. पण नऊ मीटर पाण्याखाली झोपलेल्या माणसाला ते पंधरा मीटर नाही याचा काय उपयोग?

आता त्या रात्रीबद्दल. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तेलंगणातनं सरकत सोलापूर जिल्ह्यावर आला होता. १४ तारखेला दिवसभर पावसानं उसंत दिली नाही. पंढरपुरात घाटाची भिंत पडून माणसं गेल्याची बातमी आली. करोनामुळं पुण्या-मुंबईतली पोरं गावातच होती. सातच्या सुमाराला त्यातली दोघं भिजत घरी आली. म्हणाली, "काका, पाणी भिंतीला टेकलंय. आन् मोरीपाशी खालनं पाणी येतंय."

आई अंथरुणावर होती. गुडघ्यांनी ती बाहेर पडत नव्हती. तिनं विचारलं ते एवढंच, "पाणी नितळ हाय का गढूळ?"

पोरांनी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "जावा, पैलं त्ये बगा. मिस्त्री सांगायचा, नितळ पाणी म्हंजी धरणाचा घाम. गढूळ पाणी म्हंजी रगात."

आम्ही बॅटऱ्या घेऊन गेलो. पाणी सगळीकडंच गढूळ, पाऊस चालू. मग एकानं मोरीच्या तोंडाशी गळणारं पाणी काचेच्या बाटलीत धरलं. बाटली जरा वेळ स्थिर ठेवली. तळाला बोटभर माती बसली. माझ्या पोटात खड्डा पडला.

पहिलं काम वस्ती उठवायचं. सरपंचांनी देवळाच्या भोंग्यावरनं सांगितलं, पोरांनी घरोघर जाऊन दारं वाजवली. म्हातारी माणसं, शेळ्या, भांडी, सगळं शाळेत नेलं. नऊ वाजून गेले. वस्तीतली एक बाई पोर काखेत घेऊन माझ्यासमोर थांबली. आमच्या बागेत ती वीस वर्षं छाटणीला येते. तिनं आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली, "दादा, पाणी तुमचं आन् भ्या आमचं, असंच ना ह्ये?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

वस्ती रिकामी झाल्यावर सांडव्यावरची भिंत फोडायची होती. पाणी सुटलं की ते जुन्या चरीनं जाणार, आणि चरीत तात्यांची बाग उभी. मृग बहाराचा माल, तोडणीला आलेला. सगळे तात्यांकडं बघत होते. ते बराच वेळ गप्प होते. मग घरी गेले आणि घण-पहार घेऊन आले. पोरांनी एका टोकापासून एकेक दगड काढत भिंत फोडली. एकदम सगळी पाडली नाही. पाणी गर्जत निघालं आणि आमच्या डोळ्यांदेखत बागेत शिरलं. दुसऱ्या दिवशी मोजलं तेव्हा दोनशेच्या वर झाडं गेली होती.

इकडं मोरीपाशी दुसरी टोळी. गळतीवर काळी माती टाकून ती बुजवावी असं बहुतेकांना वाटत होतं. मलाही तेच वाटलं असतं. पण पाणी आत कोंडलं तर ते दुसरीकडनं फुटून निघतं. पाण्याला येऊ द्यायचं, मातीला येऊ द्यायचं नाही. आमच्या पोरांपैकी एक सिव्हिलचा होता, त्यानं हे ठामपणे सांगितलं. आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, वर दगड. गाळणीच ती. वाळू कुठली आणायची? वस्तीत एकाचं घरकुल चालू होतं. त्याच्या दारात ब्रासभर वाळू पडली होती. ज्याच्या घराला धोका, त्याच्याच घराची वाळू पाट्यांनी वाहून आम्ही भरावाच्या पायथ्याला घातली. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून खचलेल्या माथ्यावर रांग रचली. पाणी तिथं माथ्यापासून वीतभर खाली होतं.

रात्री दीडच्या सुमाराला पाऊस ओसरला. तीन वाजता पाणी भिंतीच्या जुन्या पायापर्यंत उतरलं. दर अर्ध्या तासाला बाटली भरून बघत होतो. पहाटे बाटलीच्या तळाशी माती बसायची थांबली. पाणी येतच होतं, पण नितळ. आम्ही तिथंच चिखलात बसलो. कुणी काही बोललं नाही.

घरी आलो तर आई जागी होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "वरचे थर कोरडे पडल्यात त्येचे. त्येला लई सोसायला लावू नका."

भिंत आम्ही पुन्हा बांधली नाही. चर मोकळी केली. तात्यांनी अर्धा एकर सोडला, त्यांच्यानंतर बाकीच्यांनीही हद्दी मागं घेतल्या, काहींनी कुरकुरत. बाभळी तोडल्या. पण बुंधे उपटून खड्डे मोकळे ठेवले नाहीत; मुळांसकट काढता येतील तेवढी काढून त्या जागी माती थरानं, पाणी मारून, ठोकून भरली. पायथ्याला मुरूम परत टाकला. गाळ काढायला जेसीबी येतो तेव्हा भरावाच्या पायथ्यापासून लांबूनच खोदायचं, हे आता ग्रामसभेत लिहून ठेवलं आहे. वस्तीतल्या घरकुलवाल्याची वाळू वर्गणीतनं भरून दिली. माथ्याचा खड्डा भरला. मोरीचं पक्कं काम मात्र अजून राहिलं आहे. ते गावच्या हातचं नाही. त्यासाठीचा अर्ज दर वर्षी जातो आणि पोच दर वर्षी येते.

आई दोन वर्षांनी गेली. तिच्याबरोबरच्या बायांपैकी आता गावात तिघीच उरल्यात. त्यांना गाठून मी जे जमेल ते लिहून घेतलं आहे. खंदक कुठं खोल गेला, कुठं खडक लवकर लागला, कुठल्या थराला पाणी मिळालं आणि कुठल्याला नाही. सरकारी नकाशा आम्हाला मिळाला नाही. या तिघींची आठवण हाच आमच्या तलावाचा नकाशा आहे.

आणि राखण पुन्हा सुरू केली आहे. पावसाळाभर दर रविवारी भरावावरनं एक फेरी. दोघंजण जातात, त्यातला एक वस्तीतला असलाच पाहिजे. माथ्याला भेग आहे का, उतारावर कुठं ओल आहे, घुशीचं नवं बीळ आहे का, पाहायचं. मग मोरीपाशी गळतीखाली दहा लिटरची बादली लावायची, ती किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर मोजायचं, बाटलीत पाणी धरून रंग बघायचा आणि तलावाच्या पातळीसकट लिहून ठेवायचं. बादली पूर्वीपेक्षा लवकर भरायला लागली, किंवा बाटलीत माती बसली, की त्याच दिवशी वस्तीला आणि सरपंचाला सांगायचं. या कामाला पैसा लागत नाही. माणूस लागतो.

नोंदी ठेवायला वही हवी होती. २००४ सालची वर्गणीची वही घरात सापडली. अर्धी कोरी होती. तीच वापरतो. पुढच्या पानांवर सांडव्याची भिंत घालायला कुणी किती पैसे दिले त्याची यादी माझ्याच अक्षरात आहे, पहिलं नाव आमच्या आबांचं. ती पानं मी फाडली नाहीत. फेरीला जाणारी पोरं वही उघडतात तेव्हा आधी ती दिसतात, आणि एखादं विचारतं, हे काय आहे. मग सांगतो.

गेल्या रविवारची नोंद वस्तीतल्या मुलीनं लिहिली आहे. ती दहावीला आहे. तलाव सांडव्याच्या खाली तीन फूट. माथ्याला भेग नाही. बीळ एक, बुजवलं. बादली भरायला ५२ सेकंद. पाणी नितळ.